मागाच्या पडवीतली जागा

गिरणीच्या पट्ट्यात आमच्या धन्यांचा, माझ्या लेकीच्या बापाचा, उजवा हात सापडला आणि हाताबरोबर खोलीही गेली. खोली गिरणीची होती. काम आहे तोवर छप्पर, असा तिथला रिवाज. आम्ही नातेपुत्याकडचे, मेंढरं राखणारे. दुष्काळात कळप गेला म्हणून सोलापूर गाठलं होतं. मागे परतायला काहीच उरलं नव्हतं.

चाळीचा मुकादम सकाळीच आला. त्याने आमची भांडी बाहेर फेकली नाहीत, शिवीही दिली नाही. नव्या कामगाराला बायकापोरांसकट आणून दारात उभं केलं, बस्स. ती बाई डोक्यावरचं बोचकं खाली ठेवायलाही लाजत होती. मी लेकीला कडेवर घेतलं आणि चूल विझवली.

चाळीतल्या बायकांना मागाच्या कांड्यांवर गुंडाळायला सूत आणून देणारी एक म्हातारी होती. भवानी पेठेतली, तेलुगू विणकरांतली. सगळे तिला अव्वा म्हणत. ती तेवढ्यात आली.

"कुठं जाणार?"

"म्हाईत न्हाय, अव्वा."

"मग इथं कशाला उभी? चल."

नव्या पेठेतल्या गर्दीतून आम्ही गेलो. धनी मागून येत होते, हात उपरण्यात लपवून.

भवानी पेठेत विणकरांचं देऊळ होतं आणि त्यामागे पत्र्याची लांब पडवी. तेलंगणातून पोटासाठी आलेल्या त्यांच्या माणसांना तिथे आसरा मिळे. पडवीत खड्ड्याचे माग होते. आलेल्याने माग शिकायचा, एखाद्या मागवाल्याकडे काम आणि राहायला खोली मिळवायची, मग जागा सोडायची. पण ती सोय त्यांच्या जातीपुरती. परक्याला तिथे कधी घेतलं नव्हतं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

दुपारी पंच जमले. बोलणं सगळं तेलुगूत. मला एक अक्षर कळेना, मी नुसती तोंडं बघत होते. पांढऱ्या मिशांचे एक पंच पुन्हा पुन्हा माझ्याकडे बोट करत होते. अव्वाचा आवाज चढला, मग खाली आला.

"काय म्हनत्यात?" मी हळूच विचारलं.

"म्हणतात, एकीला घेतलं तर आपली माणसं कुठं झोपतील."

त्यात खोटं काही नव्हतं. पडवी भरलेलीच होती. तेवढ्यात ते पंच माझ्याकडे वळून मराठीत बोलले, "माग येतो?"

"न्हाय."

"मग काय येतं?"

"लोकर कातता येती."

कुणीतरी हसलं. ते हसले नाहीत. "सूत लोकरीसारखं नसतं. तुटतं."

"जोडीन."

"पुन्हा तुटलं तर?"

"पुन्हा जोडीन. दुसरं काय करू? जायाला जागा हाय का मला?"

पंच पुन्हा आपसांत तेलुगूत बोलले. शेवटी ठरलं ते अव्वाने सांगितलं. अमावास्येपर्यंत राहायचं. तोवर एक लुगडं विणून दाखवायचं. नाही जमलं तर निघायचं. आणि पुरुषमाणसाने रिकामं बसायचं नाही.

खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या पावड्या दाबायच्या, हाताने आडव्या दोऱ्याचा धोटा फेकायचा. पाय सुजले. माझा दोरा सारखा तुटे. अव्वा शेजारी बसून माझ्या बोटांवर टिचकी मारायची. "डोळ्यानं नको शोधू. बोटानं शोध." चंद्र रोज बारीक होत चालला होता, मी वर बघायचंच सोडलं.

धनी भिंतीकडे तोंड करून बसत. अव्वाने त्यांना पाजणीला लावलं. गल्लीत ताण्याचे उभे धागे लांबवर ताणून त्यांना खळ लावायची आणि मोठ्या ब्रशाने ती सारखी करायची, हे ते काम. पहिल्याच दिवशी डाव्या हाताने ब्रश वेडावाकडा फिरला आणि धागे तटातटा तुटले. ज्याचा ताणा होता तो मागवाला सगळ्या गल्लीसमोर ओरडला. धन्यांनी ब्रश खाली ठेवला आणि चालते झाले.

ऊन उतरलं तरी ते आले नाहीत. त्यांच्या मनात काय येईल याचा नेम नव्हता. आदल्याच दिवशी ते म्हणाले होते, "मी नसतो तर तुला कुनीबी ठेवून घेतलं असतं." मी लेकीला अव्वाकडे टाकलं आणि धावतच पेठेबाहेरच्या तलावाकडे गेले. काठावर बघितलं, पाण्याकडे बघायचा धीर होईना.

ते दोन झाडांच्या मधे होते. झाडांना दोरी बांधली होती आणि डाव्या हातात गवताची जुडी घेऊन ते दोरीवरून फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय करताय?"

"हाताला वळण लावतोय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. ते थांबले नाहीत.

अमावास्येला ते पांढऱ्या मिशांचे पंच आले. लुगडं उजेडात धरून त्यांनी हातभर हातभर तपासलं. एका जागी बोट थांबलं.

"हे काय?"

"गाठ."

"दिसते."

"व्हय," मी म्हटलं.

ते अव्वाशी तेलुगूत काहीतरी बोलले, लुगडं घडी करून मागावर ठेवलं आणि निघून गेले. अव्वा म्हणाली, "राहा म्हणाले. गाठ पुन्हा शिकव म्हणाले."

पुढे एका मागवाल्याच्या घरामागे आम्हाला खोली मिळाली. मी मागावर, धनी पाजणीला. एकाचं काम थांबलं तरी दुसऱ्याचं चालू राही, तरी दारात कुणी उभं राहिलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. ते पुष्कळ वर्षं गेलं नाही.

पडवीत आमच्या जागी अक्कलकोटाकडचं एक जोडपं आलं. तेही जातीबाहेरचं. या वेळी पंचांत फार वाद झाला नाही म्हणे. त्या बाईला मराठी येत नव्हती आणि मला कानडी. दुपारी मागावरून उठले की मी तिच्याकडे जायची, खड्ड्याच्या काठावर बसायची. तिचा दोरा तुटला की तिचं बोट धरून तुटलेल्या टोकावर ठेवायची.