तांदळात लिहिलेलं नाव

माझी बायको धरमतरच्या खाडीकाठची. पुनवेच्या उधाणाला ती जन्मली आणि त्या दिवशी शेताचा बांध फुटला नाही, म्हणून बापाने नाव ठेवलं पुनव. लग्नात आमच्या रोह्याच्या मंडळींना ते गावंढळ वाटलं. थोरली बहीण कानात म्हणाली, "शालिनी लिव रे." मी मुकाट्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ते गिरवलं. त्याचा अर्थ मला आजही ठाऊक नाही. तिला तर कुणी विचारलंच नाही.

गेल्या वर्षी ती वारली. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून दहाव्याची खबर पोराने तिकडच्या वडखळ नाक्यावरच्या फळ्यावर लिहिली. तिथली एक कोळीण तिची लहानपणची मैत्रीण, पण ती आली नाही. मग महिन्याने मीच नाक्यावर गेलो तर विचारते, "दाजी, पुनव बरी हाय ना?"

"फळा वाचला नाय गो?"

"वाचला की. कोन शालिनी मेली, माझी कोन ती?"

माझं डोकं फिरलं. तिच्यावर काय चिडणार? चूक आमची.

आता वर्षश्राद्ध आलंय. पोरगा म्हणतो, "बाबा, फळ्यावर कागदावरचंच नाव लिहायला हवं."

म्हटलं, कागद घाल चुलीत. खडू माझ्याकडे दे.