पहिल्या ओळीतली जागा

केळव्यापासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर आजवर जेवढी माणसं जन्माला आली, त्यांत देवाने सर्वांत मोठी छाती दिली ती माझ्या थोरल्या वहिनीच्या धाकट्या भावाला, असं माझं प्रामाणिक मत आहे. छाती म्हणजे आतला भाता. बाहेरून तो वाळलेल्या बोंबलासारखा दिसायचा. पण शिरगावच्या बंदरावर त्याने ट्रंपेट तोंडाला लावला की मासळी वाळत घालणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवत, आणि गावात कुणाची तरी वरात निघाली असं समजून समुद्रातल्या होड्या परत फिरत, असं म्हणतात. होड्या परत फिरताना मी पाहिलेल्या नाहीत, पण माझा विश्वास आहे. मी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. सुरांशी माझा संबंध पाळीच्या भोंग्यापुरता. तरीही त्याचा पहिला सूर कानावर पडला की माझ्या अंगावर काटा यायचा.

मिसरूड फुटायच्या आधीच तो गावच्या बाजात शिरला. त्या बाजाचे मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे एक म्हातारबुवा. अक्षरशत्रू, पण एखादं गाणं एकदा ऐकलं की बारा वाद्यांत कसं वाटायचं ते त्यांना बसल्या जागी कळे. वरातीत चार-चार जणांच्या तीन ओळी चालत, आणि पहिल्या ओळीत नवऱ्याच्या बाजूची जागा ट्रंपेटची. ती मास्तरांनी याला दिली. वाजवायचं ते चालताना, हे त्याच्या हाडांत इतकं मुरलं की एका जागी उभ्याने त्याला वाजवताच येईना. घरी रियाजाला बसवलं तर पाच मिनिटांत वाजवत वाजवत अंगणाबाहेर, तिथून वाडीत, आणि शेवटी आई जेवायला हाका मारत शोधायला निघे तेव्हा तो शेजारच्या माहीम गावाच्या रस्त्याला लागलेला असे. घरच्या खोबरेल तेलावर त्याची अशीच श्रद्धा. केसांना तेच, जखमेला तेच, आणि ट्रंपेटच्या बोटांनी दाबायच्या तीन दट्ट्यांनाही तेच.

त्या सुमारास आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन फिटर आला होता. आमच्या एका कामगाराच्या लग्नाला त्याला शिरगावला नेलं, तर साहेब मांडवात बसलेच नाहीत. भर उन्हात सबंध वरातभर ट्रंपेटच्या बाजूने चालत राहिले. हा कुठे शिकला, असं त्यांनी मला विचारलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, त्यामुळे मी खरं तेच सांगितलं, रस्त्यावर. साहेब हसले नाहीत. परत गेल्यावर त्यांनी चार-पाच पत्रं लिहिली, आपल्या शहरातल्या संगीतशाळेत याची सोय केली आणि राहायला स्वतःच्या घरातली खोली दिली. निघायच्या दिवशी आईने माहीमच्या नारळांच्या तेलाची बाटली पिशवीत घातली, आणि मास्तर त्याला म्हणाले, "तुजी जागा मी कोनाला देनार नाय. पास हो नायतर नापास हो, जागा तुजी हाय."

म्हातारा शब्दाचा पक्का. पुढची चार वर्षं शिरगावचा बाजा पहिल्या ओळीत एका माणसाची मोकळी जागा ठेवून चालला. वरबापे कुरकुरत की माणूस कमी आणलात. मास्तर शांतपणे सांगत की तो वाजवतोय, पण लांब हाय. लोक म्हाताऱ्याला हसत. मीही हसलो आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते.

त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर येत आणि ती मी मास्तरांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवी. पहिल्या वर्षी वर्गात वाजवता वाजवता तो दारातून बाहेर जाई, म्हणून तिथल्या गुरुजींनी त्याच्या पायांभोवती खडूने वर्तुळ काढलं होतं. पोटासाठी तो सुट्टीच्या दिवशी लग्नांत, जत्रांत आणि मयतांतही वाजवे. 'इथं मयताला पण बाजा लागतो,' त्याने लिहिलं होतं, 'पण वरातीला कोणी नाचत नाय. कुठल्या कार्याला आलोय ते मला बुटांचा रंग बघून ओळखावं लागतं.' पोटापुरती कमाई, अंगावर बर्फ, वर परकी भाषा, आणि तरी ज्या माणसाला कागदावरचा एक सूर वाचता येत नव्हता, तो तिसऱ्या वर्षी पहिला आला. मी थक्क झालो. मास्तर मात्र म्हणाले की त्यात नवल ते काय.

चौथ्या वर्षी खरी कसोटी आली. तिथल्या एका मोठ्या वाद्यवृंदात ट्रंपेटची एक कायमची जागा निघाली होती. ती मिळाली तर तिथेच राहायचं, नाही तर राहण्याची परवानगी संपत असल्याने बाडबिस्तरा गुंडाळायचा. साठ जण परीक्षेला, आणि महिना जानेवारी. एवढ्या शुभकार्याला दुकानातलं तेल कसं वापरायचं, म्हणून या गृहस्थाने दट्ट्यांना आईने नुकतंच पाठवलेलं खोबरेल घातलं. तेल थंडीत बाटलीत गोठतं हे चार हिवाळे पाहूनही, तोंडाच्या वाफेने ते पातळ राहील असा त्याचा हिशेब. दोन तास गार व्हरांड्यात थांबून तो आत गेला, तर तिन्ही दट्टे घट्ट. परीक्षक सात. याने काय करावं? कोटाची बटणं सोडून ट्रंपेट काखेत धरला आणि तो गरम होईपर्यंत परीक्षेचा अख्खा तुकडा तोंडाने गाऊन दाखवला. मग ट्रंपेट काखेतून काढून तोच तुकडा वाजवला. खडूचं वर्तुळ नसतानाही एका जागी उभं राहून.

जागा त्याला मिळाली.

ते पत्र घेऊन मी संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. काखेचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग शेवटची ओळ आली. 'मास्तर, आता मी काय परत येत नाय. माझी जागा भरून टाका.'

मास्तरांनी हळूच विचारलं, "तिकडं कितव्या ओळीत बसवलाय त्याला?"

त्याने पत्रात वाद्यवृंदाचं चित्र काढून स्वतःच्या जागेवर फुली मारली होती. तिकडे ट्रंपेटवाले मागेच बसतात. मी चित्रातल्या ओळी पुन्हा पुन्हा मोजल्या, आणि खोटं बोलणं जमेना म्हणून सांगितलं, "शेवटून दुसऱ्या."

"मागं?" मास्तर म्हणाले. तिकडची रीतच तशी आहे, त्यात अपमान नाही, पगार चांगला, मान मोठा, हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून खांद्यावरचा पंचा झटकला.

"त्याला लिव, आमी जागा भरत नाय," ते म्हणाले. "तिकडं पोर मागं बसतंय. एक जागा तरी पुढची असू दे त्याची."

मी तसंच लिहिलं. मास्तर होते तोवर ती जागा कुणी भरली नाही.