दामिनी बुधवारी कुठं जायची

जळकोटच्या बाजारपेठेत धोंडप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांची बायको उमाबाई मागच्या खोलीत डाळी निवडायची आणि गर्दी वाढली की पुढं येऊन माल मोजून द्यायची. एकुलती मुलगी दामिनी डॉक्टर व्हावी म्हणून दोघांनी तिला दहावीनंतर लातूरला शिकवणी लावली आणि होस्टेलवर ठेवलं.

बारावीच्या वर्षी धोंडप्पांच्या मोबाइलवर शिकवणीचे मेसेज यायला लागले : दामिनी गैरहजर. प्रत्येक वेळी बुधवारी दुपारीच. त्यांनी गिऱ्हाइकांसमोरच फोन लावला.

"कुणासंगं फिरून राहिलीस? खरं सांग."

ती पलीकडून काय म्हणाली ते उमाबाईला ऐकू आलं नाही.

"आता एक जरी तास बुडला तर सामान उचलायचं आन् घरी यायचं. लग्न लावून देतो."

उमाबाई हातात सूप घेऊन दाराशी उभी होती. तिनं फोन मागितला नाही.

पुढच्याच आठवड्यात दामिनीला ताप आला. तास बुडेल म्हणून तिनं घरी कळवलंच नाही. गोळ्या खाऊन ती वर्गात बसत राहिली आणि एका सकाळी बाकावरच कोसळली, तेव्हा तिच्या खोलीत राहणाऱ्या शिवांगीनं जळकोटला फोन केला. डेंग्यू होता. आईबाप दवाखान्यात पोचले तेव्हा तिला शुद्ध नव्हती. ती पुन्हा बोललीच नाही.

तिची माती झाल्यावर धोंडप्पा एकच म्हणत राहिले, "त्या पोरानं घात केला तिचा." कोणतं पोर, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावकीत मात्र ते सगळ्यांना ठाऊक झालं.

होस्टेलवरचं सामान आणायला उमाबाई एकटीच गेली. गादी गुंडाळता गुंडाळता तिनं शिवांगीला विचारलं, "बुधवारी कुठं जायची गं ती?"

शिवांगीचे डोळे भरले. "म्युझियममध्ये, काकू. एकटीच. बुधवारी तिकीट नसतं तिथं."

एका ट्रस्टचं ते छोटं संग्रहालय होतं, चार खोल्यांचं, मागं पत्र्याच्या शेडमध्ये कॅन्टीन. उमाबाई तशीच तिथं गेली. कॅन्टीन चालवणाऱ्या गुणाबाईनं तिच्या मोबाइलवरचा दामिनीचा फोटो बघितला आणि लगेच ओळखला.

"ही व्हय! लई दिस झाले, आली न्हाई."

दामिनी गेल्याचं उमाबाईनं सांगितलं. गुणाबाईनं गॅस बंद केला आणि ती शेजारी येऊन बसली. मग उमाबाई उठली. "बघून येते."

"समदं एकदम बघू नगा, ताई. डोकं गरगरतंय. लोक येतात, पळत पळत चारी खोल्या बघतात आन् भाईर आल्यावर काय बघितलं ते सांगता येत न्हाई. तुमची पोर एका येळी एकच खोली बघायची. एकाच वस्तूम्होरं बसायची. मंग हितं येऊन चहा प्यायची, मुरमुऱ्याचा सुशीला खायची आन् मला सांगत बसायची."

"कशाम्होरं बसायची?"

"तिसऱ्या खोलीत जावा. पायाम्होरं."

तिसऱ्या खोलीत कोपऱ्यात एक भंगलेली मूर्ती होती. घोट्यांच्या वरचं काही उरलं नव्हतं. नुसती दोन दगडी पावलं, त्यांत तोडे, बोटांत जोडवी. समोर बाक होता. उमाबाई त्यावर बसली. आधी काहीच दिसेना. मग तोड्यांची नक्षी दिसली, मग एका अंगठ्याचं नख, कुणीतरी मन लावून कोरलेलं. आणि मग दवाखान्यातली चादर डोळ्यांसमोर आली, खालून उघडी राहिलेली दामिनीची पावलं, आणि ती चोळून गरम होईनात म्हणून आपण नर्सला मारलेल्या हाका. उमाबाई तोंडात पदर कोंबून रडली.

बाहेर आल्यावर गुणाबाई म्हणाली, "ती म्हणायची, वरची बाई आपण मनानं घडवायची. दर खेपी येगळी घडवायची ती."

उमाबाईनं घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या महिन्यात तिनं त्यांना ओढूनच लातूरला आणलं. चहाला उकळी फुटायच्या आत धोंडप्पा चारी खोल्या फिरून बाहेर आले.

"ह्या फुटक्या दगडांपायी शिकवणी बुडवली?"

गुणाबाईनं कप पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. खाली बघत विचारलं, "संगं कोण असायचं?"

"कुणीबी न्हाई, आप्पा. एकटीच."

"कधीच न्हाई?"

"कधीच न्हाई."

धोंडप्पा बाकड्यावर बसले. "मग मी फोनवर..." एवढंच म्हणाले. त्यांना तिथंच थोपवून समजूत घालणं उमाबाईला जमलं असतं. तिनं घातली नाही. "हाव," ती म्हणाली. "आन् मी गप ऱ्हायले."

त्यानंतर धोंडप्पांनी त्या पोराचं नाव काढणं बंद केलं. पण भावकीत कुणाला खरं काय ते सांगितलंही नाही. उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात पंगत बसली होती. उमाबाईची नणंद कुणाला तरी हळू आवाजात दामिनीचं आणि त्या पोराचं सांगत होती. पलीकडं बसलेल्या धोंडप्पांना ते ऐकू गेलं. त्यांनी भातात बोटं फिरवत मान खालीच ठेवली.

वाढत असलेल्या उमाबाईनं वरणाची बादली खाली ठेवली. "माझी पोर मूर्ती बघायला जायची," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "एकटी जायची."

क्षणभर सगळे तिच्याकडं बघत राहिले. मग कुणीतरी मीठ मागितलं.