माघारीचे शब्द

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेत मला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचे. फरीदाबादच्या घरात कूलरच्या ओल्या गवताचा वास दरवळला, की दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीतली ती दुपार आठवते. तिथल्या कूलरच्या वाऱ्याने पडदा हलत होता, उजेड पाण्यासारखा भिंतीवर सरकत होता आणि स्पर्धा परीक्षेच्या निकालात तिसऱ्यांदा माझं नाव नव्हतं. मी बाईंना फोन लावला. “बाई, सगळं सोडून गावी येतो.” “निकाल कधी लागला?” “आत्ताच.” “मग हे रिकॉइल झालं, वेड्या. चटका बसला की हात आपोआप मागे येतो, त्यात आपला विचार नसतो. विचार करून मागे येणं ते विथड्रॉ, त्यात लाज नाही. आठ दिवस थांब, मग ठरव.” ते आठ दिवस त्या गार, ओलसर हवेत स्वप्नासारखे सावकाश गेले. नवव्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं: “परीक्षा सोडतो आहे. फरीदाबादला नोकरी बघतो. वडिलांना मीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तिकडे आंबे मिळतात का रे, की इथून पाठवू?”