अण्णाची अरुंद सुरी

"अण्णा, ही सुरी कुठून आणलीस?" चार वर्षं मी हे विचारत होतो. माझा मोठा भाऊ फक्त म्हणायचा, "बीन्स संपले का?" दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. तो गेल्याला आता तीन आठवडे झाले. अग्रहार पेठेतल्या आमच्या कॅटरिंगच्या स्वयंपाकघरात भाजी निवडताना तोंडं मोकळी असतात, त्यामुळे रोज त्याचा एखादा किस्सा निघतो. किस्से सालींसारखे साचत जातात. साली निदान संध्याकाळी गाय खाते.

सुरीचं पातं करंगळीएवढं अरुंद, हँडल काळं. बीन्सची टोकं, वांग्याचे देठ, फ्लॉवरचे तुरे, सगळं अण्णा तिनेच करायचा. मला तशीच हवी होती.

*

मी सातवीत शाळा सोडली, पण फोनवर वस्तू मागवायला शाळा लागत नाही. सुरी आली ती मखमली डब्यातून, कोपरभर लांब. अण्णाने ती उलटीसुलटी करून पाहिली. "राजवाड्यावर पहाऱ्याला लागलास काय रे?"

ती कलिंगडाच्या कामाला गेली. माझं नाव मात्र 'पहारेकरी' पडलं, ते अजून आहे.

*

आमचे मुख्य आचारी वेंकटप्पा म्हणाले, सुरी विकत घ्यायची तर पिकलेल्या टोमॅटोवर पारखून घ्यायची. मला बाजारात घेऊन निघाले. टोमॅटो शर्टाच्या खिशात, आणि सिटी बसला ही गर्दी!

दुकानात शिरताच त्यांनी सुरी मागितली. छातीवर लाल डाग घेऊन सुरी मागणारा माणूस पाहून दुकानदाराने आधी शटरला हात घातला.

*

पद्मक्काला सगळ्याच सुऱ्यांचा राग. ती पायाखाली विळी धरून बसते आणि रोज सकाळी तेच ऐकवते. सुरी धरण्यात एक हात वाया जातो, म्हणून आमची भाजी अर्धीच होते म्हणे. मी वैतागून एकदा शर्यत लावली. माझे बीन्स खरंच अर्धे झाले होते.

*

आमच्यात सुरी कुणी कुणाच्या हातात देत नाही. भांडण होतं म्हणतात. फळीवर ठेवायची, दुसऱ्याने उचलायची.

मालकांचा मुलगा हॉटेलचा कोर्स करून आलेला. विजयनगरच्या नव्या वसाहतीतून स्कूटरवर येतो आणि आम्हाला सेफ्टी शिकवतो. मुठीकडून सुरी कशी द्यायची हे दाखवायला त्याने ती अण्णापुढे धरली. अण्णाने हात बांधले. हा घेईना, तो ठेवीना. शेवटी पद्मक्काच म्हणाली, "खाली ठेव रे बाबा, सांबार थांबलंय."

*

दर सोमवारी दुपारी अण्णा नळामागे बसून सगळ्यांच्या सुऱ्यांना धार लावायचा. शेवटच्या सोमवारी मला म्हणाला, "आज तू बस." मी भडकलो. मी काय इथे दगड घासायला आलोय, म्हणालो, आणि त्याच्या हातातली सुरी हिसकावून फळीवर आपटली. हातातून हातात.

तो हसला आणि स्वतःच बसला. गुरुवारी सकाळी उठलाच नाही.

*

परवा मालक म्हणाले, भावाच्या जागेवर बसायचंय तर स्वतःसाठी चांगली सुरी बघ. प्रत्येकाने सल्ला दिला. वेंकटप्पांनी तर टोमॅटो काढून दिला. तो तिथेच ठेवला आणि अण्णाची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दुकानात गेलो. अगदी अशीच द्या म्हणालो.

दुकानदाराने आधी माझा शर्ट पाहिला. मग मागच्या खिळ्यावरची एक सुरी काढून शेजारी ठेवली. काळं हँडल, तेच तीन रिव्हेट. पातं मात्र चार बोटं रुंद.

"इदे," तो म्हणाला. हीच.

मी ओरडलो, डोळे फुटले का तुमचे? तो चिडला नाही. अण्णाच्या सुरीच्या पात्यावरून त्याने अंगठा हळूच फिरवला.

"किती वर्षं धार लावून झिजवलीय ही?"

मी नवी सुरी न घेताच परत आलो.

*

काल सोमवार. दुपारी मी सगळ्यांच्या सुऱ्या गोळा केल्या, पहारेकऱ्याची ती कलिंगडाचीसुद्धा. नळामागे बसलो, दगडावर पाणी टाकलं. थोड्या वेळाने पद्मक्का आली आणि तिने विळी माझ्याजवळ टेकवली.

संध्याकाळी एकेक सुरी ज्याच्या त्याच्या फळीवर ठेवली. अण्णाची सर्वांत शेवटी, त्याच्या फळीवर.