टप्प्यातली सुरमई

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या कारखान्यात बेसबॉलचे शौकीन दोनच: एक अमेरिकन इंजिनियर आणि दुसरा हा रत्नागिरीचा क्रेनवाला. दोन वर्षं मी मेसच्या रांगेत त्याच्या मागे उभा राहिलो, पण नाव विचारायला त्यानं कधी उसंतच दिली नाही.

चष्मा कपाळावर चढवून, मोबाइलवर कुठल्यातरी फलंदाजाचे आकडे उघडून तो सुरू व्हायचा. "मारलेले काय बघता, साहेब? सोडलेले चेंडू बघा! आपल्या टप्प्यातला तोच मारायचा, बाकीच्यांकडे ढुंकूनसुद्धा बघायचं नाही. चार वाईट चेंडू सोडले की गडी काही न मारता चालत पहिल्या बेसवर. ह्याला म्हणतात प्लेट डिसिप्लिन!"

प्लेट म्हणजे फलंदाजासमोरची पाटी, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी जेवणाचीच प्लेट समजत होतो, आणि त्याची प्लेट बघून चक्रावत होतो. तिच्यात भात, भातावर बिर्याणी, कडेला चार चपात्या आणि डाळीत बुडालेली जिलबी. समोर आलेला एकही पदार्थ त्यानं कधी सोडला नाही.

एका गुरुवारी सुरमई होती. आमची पाळी येईपर्यंत दोनच तुकडे उरले. त्यानं दोन्ही उचलले.

"अहो, आणि डिसिप्लिन?" मी विचारलं.

"दोन्ही टप्प्यात होते," तो शांतपणे म्हणाला.

मग माझ्या डाळभाताकडे बघून त्यानं मनापासून मान डोलावली. "पण तुम्हाला जमलं हां, साहेब! काही न मारता चाललात जागेवर. ह्यालाच वॉक म्हणतात."