सहा भागिले दोन आणि मामाची खुर्ची

माझ्या मामाबद्दल गल्लीत अशी बोलवा आहे की त्याच्या खुर्चीत पडून जो ‘नऊ’ म्हणतो, त्याची दाढ तो भूल न देता उपटतो. चपलांच्या दुकानाचा मालक तर शपथेवर सांगतो की त्याच्या साडूची दाढ अशीच निघाली, आणि साडू खुर्चीसकट दारापर्यंत आला.

हे साफ खोटं आहे. एक तर ती खुर्ची जमिनीत बोल्टने आवळलेली आहे. आणि मामाचा हात इतका हलका की सुई टोचून झाल्यावर लोक डोळे मिटून विचारतात, आता टोचणार का. नऊवाल्याला आणि एकवाल्याला तो सारखीच भूल देतो. भूल देतो आणि मग वाद घालतो. बोलवा उठवणाऱ्यांनी दुखण्याची जागा चुकीची सांगितली, एवढंच.

खुर्ची मागे कलली की पेशंटला छत दिसतं. इतर दवाखान्यांत तिथे पांढरं रंगवलेलं असतं, फार तर एखादा ढग. मामाने दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला शिडीवर चढवून तिथे हातभर उंचीच्या काळ्या अक्षरांत लिहून घेतलंय: ६ ÷ २(१+२) = ? आ करून पडलेल्या माणसाला वाचायला दुसरं काही नसतं. मामा त्याच्या गालात कापसाच्या गुंडाळ्या कोंबतो, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवतो, आरसा आत सरकवतो आणि मगच विचारतो, “हं, किती?”

आ वासलेल्या तोंडातून ‘नऊ’चा ‘अऊ’ होतो आणि ‘एक’चा ‘एअ’. भित्रा माणूस आधी ‘अऊ’ म्हणतो आणि ड्रिल सुरू झालं की ‘एअ’ वर येतो. हे सगळे आवाज मला काढता येतात. मास्कमागून येणारा, सर्दी झाल्यासारखा मामाचा आवाजही येतो. तो म्हणतो, “कंसाला चिकटलेला दोन आहे तो. चिकटलेला. तुमच्या हिरडीला दात चिकटलाय तसा. आधी तो सोडवायचा. पटतंय ना?” पेशंट ‘अं अं’ करतो. मामा म्हणतो, “पटलं,” आणि पुढचं भोक पाडतो.

गल्ली त्याला कंसमामा म्हणते. तो माझा सख्खा मामा असल्याने हे नाव शोधायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

गणित कुणालाही कळेल असं आहे. कंसात एक अधिक दोन, म्हणजे तीन. इथपर्यंत भांडण नाही. पुढे काहीजण डावीकडून निघतात: सहा भागिले दोन तीन, तीन त्रिक नऊ. काहीजण आधी दोन आणि कंस यांचा संसार उरकतात: दोन त्रिक सहा, सहा भागिले सहा एक. शाळेत आपण सगळ्यांनी ‘कंचेभागुबेव’ घोकलेलं असतं. आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ‘चे’ म्हणजे ‘सहाचे निम्मे’ मधला चे, आणि तो भागाकाराच्या आधी येतो. मामाचं म्हणणं, कंसाला चिकटलेला दोन हा ‘चे’ आहे. नऊवाल्यांचं म्हणणं, तो साधा गुणाकार आहे, त्याने रांगेत उभं राहावं.

आता एवढ्यावरून छत रंगवायचं कारण काय? कारण दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सच्या दुकानात बसलेलं असतं. ती माझी आई, मामाची थोरली बहीण.

दोघं लहान असताना आजी कामाला जायची, म्हणून धाकट्याचा अभ्यास थोरलीकडे असे. थोरलीच्या हातात लाकडी पट्टी. तिला ‘चे’ हा प्रकार कधीच आवडला नव्हता. कुठे वापरायचा कळत नाही, कुणी विचारत नाही, मग ठेवायचा कशाला. तिने तो काढून टाकला आणि मामाला ‘कंभागुबेव’ शिकवलं. मामाने तेच घोकलं. वार्षिक परीक्षेत नेमका ‘चे’ आला. मामाने ताईने शिकवलं तसं सोडवलं, तेवढ्या एका उदाहरणाने नापास झाला आणि त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसला. त्याचे मित्र वरच्या वर्गात गेले आणि खिडकीतून त्याला ‘अहो काका’ म्हणू लागले. घरी थोरलीने निकाल वाचला आणि जाहीर केलं की पोरगं ढ आहे, आपण तरी काय करणार.

पुढे पोरगं दातांचं डॉक्टर झालं, त्याची बायको आली, मुलं झाली, मानेला पट्टा लागला. पण ताईने एकदा तरी म्हणावं की मी चुकीचं शिकवलं, ही त्याची भूक काही मिटली नाही. तो असं कधी बोलला नाही. मग घरच्यांच्या व्हॉट्सअॅप गटात कुणीतरी हे कोडं टाकलं. मामाने लिहिलं ‘एक’. आईने लिहिलं ‘नऊ’, आणि खाली, ‘लहानपणीही तुझं हेच चुकायचं.’

त्या एका ओळीने जे पेटलं ते विझलं नाही. आईने झेरॉक्सच्या मशीनवर हा मोठा ‘९’ काढला, त्याच्या गठ्ठाभर प्रती केल्या आणि दवाखान्याच्या काचेवर चिकटवल्या. खाली लिहिलं: येथील डॉक्टरला बत्तीसपर्यंत मोजता येत नाही. मामाने स्वतःच्या दारावर पाटी लावली: समोर नक्कल मिळेल, अक्कल नाही. आईने ती पाटी गुपचूप काढून नेली, तिच्या प्रती काढल्या आणि पाटी परत लावताना एक टाचणी जास्त लावली. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून आजी दोन्ही घरी रडून आली. दोघांनीही तिला चहा दिला आणि तिचं उत्तर किती ते विचारलं.

शाळेतले गणिताचे सर एकदा दाढ भरायला आले होते. कापूस काढल्यावर ते म्हणाले की प्रश्नच वाईट लिहिलाय. दोन्ही उत्तरं निघतात, लिहिणाऱ्याने आणखी एक कंस घातला असता तर वाद मिटला असता. मामाने त्यांना तोंड खळखळून धुवायला सांगितलं. सर रस्ता ओलांडून प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला गेले आणि तिथेही तेच बोलले. आईने मशीन बंद पडल्याचं सांगितलं. त्या वर्षभरात बहीणभावाचं एकमत झालं ते एवढंच.

मामाने हट्ट छतावर नेला, तर आईने ‘एक’ हा आकडाच टाकला. दुकानात ती ‘सिंगल’ म्हणते. भाजीवाल्याला ‘किलोभर’. दुपारी एक वाजला की ‘साडेबारा होऊन गेले’. एकदा बाबांनी प्रेमाने म्हटलं, तू म्हणजे लाखात एक, तर ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

आणि मग तिची दाढ दुखायला लागली.

आधी तिने गोळ्या खाल्ल्या. मग डाव्या बाजूने जेवायला लागली, मग फक्त पातळ प्यायला लागली. गाल असा सुजला की गिऱ्हाइकं कागद देण्याआधी तब्येत विचारत. बाबांनी दाताच्या कण्या केल्या की दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. आईचं म्हणणं, दुसऱ्याकडे गेले तर समोरचा म्हणेल घाबरली. रस्त्यापलीकडे मामाला गाल दिसत होता. तो खिडकीत उभा राहून चहा प्यायचा आणि गालाकडे बघायचा. रात्री नीट झोपत नव्हता, असं मामी म्हणाली. पण हाक मारायला काही तो रस्ता ओलांडून गेला नाही.

शेवटी एका दुपारी आईने शटर अर्धं ओढलं, जबड्याला ओढणी गुंडाळली आणि रस्ता ओलांडला. मी तिची पर्स धरून मागे. इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

दवाखान्यात बाक भरलेला होता. चपलांच्या दुकानाचा मालकही होता. आतल्या खोलीची काच छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. मामाने आईला आधी घेतलं, कुणीही कुरकुर केली नाही. त्याने फोटो काढला, दाढ ठोकून बघितली, भूल दिली. डॉक्टर म्हणून त्याने जे सांगितलं ते सगळं नीट सांगितलं: शेवटची दाढ मुळापर्यंत सडली आहे, ती जाणारच. तिच्या शेजारचीला बारीक भोक आहे, ते भरलं तर ती आईला शेवटपर्यंत पुरेल.

मग तो थांबला. त्याने कापूस उचलला नाही, नळी अडकवली नाही. त्याला उत्तर स्वच्छ ऐकायचं होतं.

“तर किती काढू?” मामा म्हणाला. “तोंडाने सांग, ताई. पेशंटने तोंडाने सांगितल्याशिवाय मी चिमटा उचलत नाही.”

बाकावरचे सगळे एकदम ताठ झाले. आईने ‘एक’ टाकलाय हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. आई वर बघत पडली होती आणि वर ते काळं गणित तिच्याकडे बघत होतं.

“दोन्ही काढ,” आई म्हणाली.

“शेजारची चांगली आहे.”

“मग चांगली काढ.”

मामाने काहीतरी अवजार खाली ठेवलं. नंतर बोलला तेव्हा त्याच्या आवाजातली सर्दी गेली होती. “ताई, हट्ट नको करू. गणितातलं नको म्हणू. दाढेतलं एक म्हण. मी कुणाला सांगणार नाही.”

काचेच्या अलीकडे आम्ही सातजण श्वास धरून बसलो होतो, त्यामुळे सांगायची गरजही नव्हती.

आईची अर्धी जीभ बधिर होती. शब्द लाळेतून आले, पण सगळे कळले. “तू माझ्यामुळे नापास नाही झालास,” ती म्हणाली. “तू ढ होतास म्हणून झालास. दोन्ही काढ.”

मामा बाहेर आला. बाहेरच्या बेसिनवर त्याने धुतलेले हात परत धुतले. कान लाल झाले होते आणि मानेचा पट्टा एका बाजूला सरकला होता. चांगला दात काढणं म्हणजे खून, असं तो मानतो. मागे एका म्हाताऱ्या बाईचा हलणारा दात वाचवायला त्याने सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला होता, आणि बाईला तो दात नको होता. त्यामुळे मला खात्री होती. मी बाकाच्या टोकावरून त्याच्याच आवाजात म्हणाले, “तू काढणार नाहीस. लाव पैज. पटतंय ना?”

बाकावरचे दोघे हसले. मामा हसला नाही.

“काय लावतेस?”

“तू म्हणशील ते.”

त्याने ओल्या अंगठ्याने माझा वरचा ओठ उचलला आणि बाजारात घोडा बघावा तसे माझे दात बघितले. माझे पुढचे दोन दात एकमेकांच्या अंगावर चढलेले आहेत. त्यांच्या फटीतूनच मला लोकांचे निम्मे आवाज काढता येतात. कितीतरी दिवस तो माझ्या मागे लागला होता.

“तार,” मामा म्हणाला. “पूर्ण दोन वर्षं.”

मी म्हटलं, चालेल. तो आत गेला.

पहिली दाढ लगेच निघाली. ट्रेमध्ये टण्णकन आवाज झाला. मग बराच वेळ काही झालं नाही. चपलांच्या दुकानाचा मालक पुढे वाकून इतका ऐकत होता की त्याची चप्पल पायातून निसटली. मामा काही पुटपुटला, आई नाही असं काहीतरी म्हणाली. मी मनातल्या मनात हा सगळा प्रसंग करून दाखवायची तयारी सुरू केली, कुणाचा आवाज आधी घ्यायचा वगैरे.

चांगली दाढ निघायला वेळ लागला. चांगली होती ना. आधी करकर ऐकू आली, मग मामाचा धापा टाकणारा श्वास, मग दुसरा टण्ण.

आई बाहेर आली तेव्हा गालात कापूस होता आणि मान ताठ. दोन्ही दाढा तिने कागदात बांधून घेतल्या होत्या. कुणाकडेही न बघता ती रस्ता ओलांडून गेली आणि तिने शटर वर ढकललं. त्या बाजूने ती आता जेवू शकत नाही. मामाने त्या दिवसापासून छताबद्दल कुणाला काही विचारलेलं नाही. गणित मात्र अजून तिथेच आहे, पेशंट आपापलं वाचतात.

त्या दुपारी मात्र त्याने बाकावरच्या कुणालाही आत बोलावलं नाही. दारात उभा राहून त्याने फक्त माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, चेष्टेतली पैज होती. त्याने खुर्ची मागे कलवली आणि साचा घ्यायचा गार गुलाबी लगदा माझ्या तोंडात दाबून धरला, घशापर्यंत. तार पुढच्या आठवड्यात बसली. आता मला ‘स’ म्हणता येत नाही, ‘च’ शिट्टीसारखा येतो आणि एकाही माणसाचा आवाज धड निघत नाही. चपलांच्या दुकानाचा मालक रोज मला दारात अडवतो आणि ‘सहा भागिले दोन’ म्हणून दाखवायला लावतो.